मन वळविणारे भाषण आणि सामूहिक निवेदन : महाविद्यालयीन वक्तृत्वशिक्षणातील दोन पाठ

महाविद्यालयांत वक्तृत्व शिकविले जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तेथे वक्तृत्वाची परीक्षा तेवढी घेतली जाते. वर्षातून एकदोनदा स्पर्धा भरते; विषय आधी जाहीर होतात; पाचसात मिनिटांची मुदत असते; ती संपत आली की घंटा वाजते; आणि परीक्षक विषयप्रतिपादन, भाषाशैली, उच्चार, आविर्भाव अशा रकान्यांत गुण मांडतात. ज्याला आधीच बोलता येते तो ढाल घेऊन जातो. ज्याला बोलता येत नाही तो श्रोत्यांत बसून टाळ्या वाजवितो. म्हणजे शिकण्याची गरज ज्याला सर्वांत अधिक, त्याच्या वाट्याला ही स्पर्धा कधी येतच नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात भाषा व संवादकौशल्य यांवर भर देणारे क्षमतावर्धक अभ्यासक्रम ठेवण्यात आले आहेत. बोलणे शिकविण्यास वेळापत्रकात अधिकृत जागा मिळण्याची ही संधी आहे. तथापि त्या जागेत स्पर्धेचीच लहान आवृत्ती भरावयाची असेल, तर हा लाभ कागदोपत्रीच राहील. वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला बोलते करण्याच्या ज्या रीती इतरत्र रुजल्या आहेत, त्यांतील दोन विशेष विचार करण्याजोग्या आहेत. एक, श्रोत्याचे मन वळविण्यासाठी एकट्याने केलेले भाषण. दुसरी, चारपाच जणांनी मिळून एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करून वर्गापुढे केलेले सामूहिक निवेदन. दोहोंचे वैशिष्ट्य असे की, त्यांत परीक्षक हा मुख्य श्रोता नसतो.

या दोन पाठांची पद्धतशीर मांडणी प्रथम अमेरिकेतील महाविद्यालयांत झाली. १९१४ साली तेथील इंग्रजी अध्यापकांच्या राष्ट्रीय परिषदेतून सतरा अध्यापक वेगळे झाले व त्यांनी सार्वजनिक भाषणाच्या अध्यापकांची स्वतंत्र संघटना स्थापिली. भाषण हा मोठ्याने वाचलेला निबंध नव्हे, ही त्यामागील मूळ जाणीव. निबंधाचा वाचक हवे तेव्हा थांबतो, मागील पान उलटतो. श्रोत्याला मागे जाता येत नाही, पण तो समोर बसलेला असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर उत्तर उमटत असते. कॉर्नेल विद्यापीठातील जेम्स विनन्स यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात सार्वजनिक भाषण हे संभाषणाचेच विस्तृत रूप मानले, आणि मन वळविणे म्हणजे श्रोत्याचे अवधान एका प्रतिपादनावर स्थिर करणे, अशी त्याची मानसशास्त्रीय उपपत्ती लाविली. त्यापूर्वी हातवारे आणि स्वरांचे चढउतार घोटून घेणाऱ्या शिक्षणाचा तेथे बराच प्रभाव होता. मराठी शाळांतून अद्याप आढळणारा ‘येथे हात वर करावा’ हा उपदेश त्याच कुळातला आहे.

पुढे पर्ड्यू विद्यापीठातील ॲलन मन्रो यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकात मन वळविणाऱ्या भाषणाचे पाच टप्पे सांगितले : अवधान, गरज, तोड, चित्र आणि कृती. या क्रमामागे जॉन ड्यूई यांच्या १९१० मधील विचारप्रक्रियेच्या विवेचनाची छाया स्पष्ट दिसते. अडचण जाणवणे, तिचे स्वरूप निश्चित होणे, उपाय सुचणे, त्याचे परिणाम तर्काने तपासणे आणि अनुभवाने पडताळणे, हा ड्यूई यांचा क्रम. मन्रो यांनी तो श्रोत्याच्या मनात घडवून आणावयाचा प्रवास म्हणून योजिला. त्याच सुमारास गटचर्चेच्या पाठ्यपुस्तकांनी तोच क्रम गटाच्या कामकाजाचा आराखडा म्हणून स्वीकारला. म्हणून वर्गात वेगवेगळे दिसणारे हे दोन पाठ मुळात भावंडे होत. एकात विचाराची वाट वक्ता श्रोत्याला चालवितो. दुसऱ्यात ती गट स्वतः आधी चालतो आणि मग दाखवितो.

मन्रो यांच्या पायऱ्या पाठ करून भागत नाही. त्यांचा कस एखाद्या विषयावर लावून पाहिला पाहिजे. रक्तदान हा स्पर्धांचा अत्यंत आवडता विषय. दधीची आणि कर्ण यांच्यापासून आरंभ, मध्ये चारदोन सुभाषिते, आणि शेवटी ‘रक्तदान हेच जीवनदान’ ही घोषणा, असा त्याचा ठरलेला मार्ग आहे. ऐकणाऱ्यांपैकी कोणाचाही या घोषणेला विरोध नसतो, आणि म्हणूनच तिने कोणी जागचे हलत नाही. मन वळविणारे भाषण तयार करणाऱ्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न असा विचारावयाचा की, समोरच्या साठ जणांपैकी रक्त न देणारे का देत नाहीत? कोणाला सुई पाहिली की घेरी येते. कोणाचे घरचे रागावतील. बहुतेकांच्या बाबतीत तर कोणी नेमक्या वेळी, नेमक्या ठिकाणी विचारलेलेच नसते. ही उत्तरे ग्रंथालयात सापडत नाहीत, वर्गातच हिंडून मिळवावी लागतात.

त्यानंतर गरज सिद्ध करावयाची. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, शिबिरे घटतात आणि रक्ताचा तुटवडा भासू लागतो. तांबड्या पेशी योग्य शीतपेटीत ३५ ते ४२ दिवस टिकतात, बिंबिका तर अवघ्या पाच दिवस. तेव्हा फेब्रुवारीत मोठे शिबिर भरवून मेची बेगमी करता येत नाही. थॅलसीमियाच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते; त्याला सुटी नसते. या चार वाक्यांत जे बळ आहे ते कर्णाच्या कवचकुंडलांत नाही, कारण येथे श्रोत्याची सुटी आणि दुसऱ्याचा आजार यांचा थेट संबंध जोडला गेला आहे. तोड अशी की, सुटीत गावी गेल्यावर जवळच्या रक्तकेंद्रात एक दिवस जावे. वय अठरा पूर्ण असावे, वजन पंचेचाळीस किलोहून कमी नसावे, हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम असावे. एकदा रक्त दिल्यावर पुरुषाने ९० आणि स्त्रीने १२० दिवस थांबावे. मग चित्र, म्हणजे ते केल्याने काय होईल याचे प्रत्यक्षवत् दर्शन. (नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील सिद्धांत उत्तररंगातील आख्यानाने डोळ्यांपुढे उभा केला जातो. मन्रो यांची चौथी पायरी मराठी श्रोत्याला तितकीशी परकी नाही.) शेवटी कृती : ‘आपण सर्वांनी विचार करावा’ अशी मोघम विनंती नव्हे, तर एका चिठ्ठीवर गावाचे नाव आणि तारीख लिहावयास सांगणे. भाषण साधले की नाही हे टाळ्यांवरून ठरत नाही. चिठ्ठ्या मोजून ठरते.

श्रोत्याच्या मनातील विरुद्ध मत भाषणात मांडावे की लपवावे, हा पुढचा प्रश्न. स्पर्धेतील वक्ता ते बहुधा लपवितो किंवा त्याची टर उडवितो. याविषयी कार्ल हॉवलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही वाचण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात अमेरिकन सैनिकांना, जपानशी युद्ध लवकर संपणार नाही, हे पटविणारी दोन ध्वनिभाषणे ऐकविण्यात आली. एकात केवळ अनुकूल कारणे होती. दुसऱ्यात प्रतिकूल मुद्द्यांचाही उल्लेख होता. सरासरीने पाहता दोहोंचा परिणाम सारखाच झाला. पण खोलात गेल्यावर असे आढळले की, आधीपासून अनुकूल असलेल्यांवर एकांगी भाषणाचा, तर मूळचे प्रतिकूल असलेल्यांवर आणि अधिक शिकलेल्यांवर दुहेरी भाषणाचा प्रभाव जास्त पडला. १९५३ मध्ये लम्सडेन आणि जॅनिस यांनी आणखी एक गोष्ट दाखविली : एकांगी भाषणाने वळलेले मत विरोधी प्रचार ऐकताच बहुतांशी मावळते, प्रतिपक्ष ऐकून वळलेले मत टिकते. महाविद्यालयातील श्रोता शिकलेला असतो आणि विरोधी प्रचार त्याच्या खिशातील दूरध्वनीवर दिवसभर चालू असतो. वर्गात प्रतिपक्षाला जागा देण्यास याहून अधिक कारण नको.

भाषणापूर्वी व भाषणानंतर श्रोत्यांकडून निनावी मतपत्रे भरून घेण्याची रीत यासाठी उपयोगी पडते. ‘पूर्ण सहमत’ पासून ‘पूर्ण असहमत’ पर्यंत पाच घरे पुरतात. मात्र त्या आकड्यांवर वक्त्याचे गुण ठरवू नयेत. सोपा विषय घेणारा त्यात सहज जिंकेल, आणि खोटी आकडेवारी देणारा तर त्याहूनही सहज. मतपत्रे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अभ्यासासाठी असावीत. गुण पुराव्याच्या खरेपणाला, प्रतिपक्षाच्या न्याय्य मांडणीला आणि श्रोत्याच्या अचूक ओळखीला द्यावेत.

मन वळविण्याचे शिक्षण म्हणजे फसविण्याचे शिक्षण, हा आक्षेप प्लेटोइतका जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यातील सर्वांत गंभीर भाग मात्र श्रोत्याशी नव्हे, वक्त्याशी निगडित आहे. बर्ट किंग व इर्व्हिंग जॅनिस यांनी १९५६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पदवीनंतरच्या सक्तीच्या लष्करी सेवेच्या बाजूचे प्रतिपादन काहींना संहितेवरून वाचावयास, तर काहींना आपल्या शब्दांत रचून बोलावयास सांगितले. ज्यांनी ते स्वतः रचले त्यांचे मत त्या दिशेने अधिक सरकले. दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण पाठ करणारा विद्यार्थी त्यातून अस्पर्श बाहेर पडतो. स्वतः युक्तिवाद जुळविणारा त्यात गुंततो. पाठांतराच्या स्पर्धा निरुपद्रवी का असतात आणि निरुपयोगी का असतात, या दोहोंचे कारण एकच आहे. विद्यार्थ्याला स्वतः विचार रचावयास लावावयाचे असेल, तर कोणत्या बाजूने बोलावयाचे हे चिठ्ठी काढून ठरविण्याची रीत निदान या पाठात सोडावी लागेल. जे स्वतःला पटलेले आहे, पण श्रोत्यांना अद्याप पटलेले नाही, असाच विषय त्याला निवडू द्यावा.

न्यायसूत्रांनी कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले, ते या संदर्भात आजही कामास येतात. तत्त्व जाणण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी छल-जातींचाही आधार घेणारा तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडणे ही वितंडा. महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा नावाने वाद आणि स्वरूपाने जल्प असते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. तिचीही करमणूक आणि चपळाईच्या दृष्टीने जागा आहे. पण अभ्यासक्रमाची जागा ती नव्हे.

आता भीतीविषयी थोडे. नवशिक्या वक्त्याची खात्री असते की, आपले कापणारे हात साऱ्या वर्गाला दिसत आहेत. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ साली दाखविले की, वक्त्याला स्वतःची घबराट जितकी उघडी वाटते तितकी ती श्रोत्यांना जाणवत नाही. एवढी गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली, त्यांची भाषणे श्रोत्यांच्याही मते अधिक चांगली झाली. अध्यापकाचे दोन मिनिटांचे काम, आणि फळ एवढे! भीतीचे दुसरे कारण मात्र दोन मिनिटांत जाणारे नाही. ते म्हणजे बोली. खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा, कोकण येथून आलेल्या विद्यार्थ्याला ‘उच्चार’ या रकान्याची धास्ती असते आणि तो तोंडच उघडीत नाही. स्पर्धेत हा रकाना त्याला आरंभीच बाद करतो. मन वळविणाऱ्या भाषणात प्रश्न वेगळा असतो : श्रोत्याला समजले काय, आणि पटले काय? गावातल्या विहिरीची पातळी का घसरली हे सांगताना आपल्या बोलीतला शब्द वापरणारा विद्यार्थी कित्येकदा प्रमाण भाषेत घोटलेल्या भाषणाहून अधिक विश्वसनीय ठरतो. वक्त्याचे शील हे मन वळविण्याचे एक प्रमुख साधन होय, असे ॲरिस्टॉटलने सांगितले आहे. आणि उसन्या उच्चारांतून शील प्रकट होत नाही.

सामूहिक निवेदनाकडे वळताना एक साधा हिशेब मांडणे इष्ट आहे. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग, प्रत्येकी पाच मिनिटांचे भाषण आणि तीन मिनिटांची चर्चा धरली, तर एका फेरीस आठ तास लागतात. दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमास तीस तास मिळतात. दोन फेऱ्या म्हणजे निम्म्याहून अधिक वेळ गेला. आणि वर्ग एकशेवीसचा असेल तर एका फेरीतच तो जातो. या अडचणीतून सुटण्यासाठी बहुतेक ठिकाणी सामूहिक निवेदनाचा आश्रय घेतला जातो : पाच जणांचा गट, वीस मिनिटे, आठ तासांचे काम चार तासांत. हेतूच असा असल्यावर त्याचे फळही तसेच मिळते. विषयाचे पाच तुकडे पडतात, प्रत्येक जण आपला तुकडा आदल्या रात्री लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पाच परस्परांशी न बोललेली भाषणे एकामागून एक होतात. परिसंवादाच्या व्यासपीठावर हेच दृश्य वडीलधाऱ्यांनी वारंवार उभे केलेले असल्यामुळे विद्यार्थ्यांना फार दोष देता येत नाही.

गटाचे खरे सामर्थ्य कोठे आहे, हे कुर्ट लेविन यांच्या प्रसिद्ध प्रयोगावरून कळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा असताना, हृदय, मूत्रपिंड यांसारखे एरवी नापसंत असलेले भाग गृहिणींनी स्वयंपाकात वापरावेत, असा प्रयत्न चालू होता. लेविन यांनी स्त्रियांच्या काही गटांना पाऊण तासाचे आकर्षक व्याख्यान दिले. इतर गटांना तितकाच वेळ तोच प्रश्न चर्चेने सोडवावयास लावून अखेरीस निर्णय घ्यावयास सांगितले. पुढे चौकशी करता व्याख्यान ऐकलेल्यांपैकी तीन टक्के, तर चर्चा केलेल्यांपैकी बत्तीस टक्के स्त्रियांनी पूर्वी न केलेला तो पदार्थ केला होता. हे आकडे चर्चेच्या समर्थकांनी फार मिरविले. तथापि ईडिथ बेनेट यांनी १९५५ साली चर्चा, निर्णय आणि एकमताची जाणीव हे घटक अलग करून पाहिले, तेव्हा चर्चेला स्वतंत्र असे विशेष बळ आढळले नाही. बळ होते ते निर्णय करण्यात आणि बरोबरीच्या पुष्कळांनी तोच निर्णय केला आहे या जाणिवेत. अध्यापकाने यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. गटाला ‘विषय’ देऊ नये, निर्णय मागावा. ‘प्लास्टिकचा प्रश्न’ हा विषय झाला. त्यावर पाच तुकडे सहज पडतात. ‘महाविद्यालयाच्या उपाहारगृहात येत्या सत्रापासून कोणती एक वस्तू बंद करावी, आणि तिच्या जागी काय आणावे’ हा निर्णय झाला. त्याचे तुकडे पाडता येत नाहीत, कारण खर्च पाहणाऱ्याचे उत्तर पर्याय शोधणाऱ्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

अशा प्रकारचे काम महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना अपरिचित होते असे नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी १८४८ साली जी साहित्य-विज्ञानविषयक सभा स्थापिली, तिच्या मराठी व गुजराती शाखांतून निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होत असे. आणि १८४९ मध्ये याच सभेच्या सभासदांनी मुलींच्या शाळा काढल्या, आरंभी स्वतः शिकविलेही. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला पुढे लोकांच्या अंगवळणी पडली, आणि एकाने बोलावे, अनेकांनी ऐकावे, ही प्रथा प्रतिष्ठित झाली. व्याख्यानमालेने महाराष्ट्राला फार दिले. पण वाचलेल्या निबंधाचे रूपांतर शाळेत करणारी ती आधीची प्रथा वर्गातून मात्र नाहीशी झाली.

उरतो तो श्रमविभागणीचा व गुणदानाचा प्रश्न, ज्यावरून गटांत वैमनस्ये होतात. पाचांपैकी एकटीनेच सगळे काम केले आणि गुण पाचांना सारखे मिळाले, ही तक्रार खोटी नसते. फ्रेंच कृषी-अभियंता माक्स रिंगेलमान याने १९१३ मध्ये दोर ओढण्याविषयीचे जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ओढणारे वाढले की दरडोई जोर घटतो असे दिसले. १९७९ साली लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी हेच ओरडण्याच्या बाबतीत तपासले. डोळे बांधून, कानांवर ध्वनियंत्र चढवून विद्यार्थ्यांना ओरडावयास सांगितले. आपल्याबरोबर आणखी एक जण ओरडत आहे असे वाटताच त्यांचा आवाज एकट्याच्या आवाजाच्या ८२ टक्क्यांवर, आणि पाच जण ओरडत आहेत असे वाटल्यास ७४ टक्क्यांवर आला. वस्तुतः ते एकटेच ओरडत होते. आळसाचा हा प्रकार स्वभावदोष नसून परिस्थितीचा परिणाम आहे. कारण १९८१ च्या पुढील प्रयोगात, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जात आहे हे कळल्यावर ही घट उरली नाही.

म्हणून सामूहिक निवेदनाचे काही गुण गटाला समान असावेत, नाहीतर सहकार्यात कोणाचाच स्वारस्य राहणार नाही; आणि काही गुण ज्याचे त्याला असावेत. गटातील सभासदांनी एकमेकांना गुप्तपणे गुण देण्याची रीत काही अध्यापक अवलंबितात. ती मैत्री आणि रुसवे यांपासून मुक्त राहत नाही, आणि लहान गावच्या महाविद्यालयात तर मुळीच नाही. त्यापेक्षा प्रश्नोत्तरांचा मार्ग निर्वेध आहे. वीस मिनिटांपैकी दहाच मिनिटे निवेदनाला द्यावीत आणि उरलेली दहा वर्गाच्या प्रश्नांना. प्रश्न कोणत्याही भागावरचा असो, उत्तर कोणी द्यावयाचे हे गटाने नव्हे, अध्यापकाने तेथल्या तेथे ठरवावे. खर्चाचा भाग ज्याने मांडला नाही त्याला खर्चाविषयी विचारले जाईल हे आधीच ठाऊक असले, म्हणजे आदल्या आठवड्यात पाचही जण एका टेबलाभोवती बसतात. पहिला प्रश्न विचारण्याचा मान मात्र मतपत्रावर ‘असहमत’ असे लिहून आपले नावही घालण्यास जो तयार असेल, त्याला द्यावा.